मुंढा पाऊण इंच कमी

मास्तरांचा हात कधी रिकामा दिसत नसे. गिऱ्हाईक समोर बसले की ते टेप गुंडाळत, गुंडाळून झाली की उलगडत आणि पुन्हा गुंडाळत. खडूला धार काढत, बटणांचा डबा ढवळत, कातरीच्या पात्यांवरून फडके फिरवत. "साठी उलटली तरी माणूस घटकाभर स्वस्थ बसत नाही," असे कौतुक होई आणि मास्तर ते मुकाट्याने पदरात पाडून घेत. खरे कारण त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला की त्याचा अंगठा आपोआप पहिल्या बोटावर घासू लागे. बोटांत न दिसणारी गोळी वळायचे काम जणू कोणी त्याला लावून दिले होते. मग मनगट थरथरे. पण त्याच हातात कातर दिली की थरथर पळून जाई. हा शोध त्यांना दीड वर्षापूर्वी लागला आणि त्या दिवसापासून त्यांनी त्या हाताला मिनिटाची सुट्टी दिली नाही. लपवायचा हा मार्ग त्यांना फार हुशारीचा वाटत होता.

दुकान दोघा भावांचे. पुढच्या खोलीत आरसा आणि गिऱ्हाइकांच्या खुर्च्या. मधले दार ओलांडले की मास्तरांचे बेतायचे टेबल, आठ फूट लांब, त्याची एक कड मास्तरांच्या पोटाने घासून घासून गुळगुळीत झालेली. टेबलाच्या मागे धाकट्याचे मशीन. मास्तर कापड बेतणार, धाकटा शिवणार, ही वाटणी तेहेतीस वर्षांपूर्वी झाली आणि तिच्यावर पुन्हा कधी बोलणे निघाले नाही. गल्लीत मास्तरांना 'अर्धा इंच' म्हणत. कोट अंगावर चढवून गिऱ्हाईक आरशात कितीही खूश असो, मास्तर डोळे बारीक करून म्हणायचे, "अर्धा इंच आत घेऊ." एकदा आजारी मेव्हण्याला भेटायला दवाखान्यात गेले, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खांद्याकडे बघून त्यांच्या तोंडून तेच निघाले. मेव्हण्याला वाटले, डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलेय.

बेतण्यात मास्तरांचा एक दंडक होता, तो त्यांच्या उस्तादांकडून आलेला. लांबी टेपने, छाती टेपने, पण मुंढा हाताने. मुंढा म्हणजे कोटाला बाही जोडायची गोलाई. ती टेपने मोजत बसणाऱ्याला उस्ताद जन्मभर शिकाऊ म्हणत. खडू खांद्यावर टेकवायचा, कोपर सैल सोडायचे आणि एका झोकात हात बगलेपर्यंत आणायचा. कुठे वळायचे ते हाताला कळते. मास्तरांच्या हाताला चाळीस वर्षे कळत होते. कागदी नमुने कापून ठेवणाऱ्यांची ते मनसोक्त टर उडवत.

त्याच हाताने एका हॉटेलच्या वाढप्यांचे सहा काळे कोट बेतले आणि धाकट्याने ते शिवले. सहाही जण एकदमच घालून बघायला आले. आरशासमोर रांगेत उभे राहिले तेव्हा झकास दिसत होते. मग त्यांच्या म्होरक्याने सवयीने, ट्रे उचलावा तसा, हात वर नेला. हात छातीपर्यंत आला, तिथेच अडला, आणि कोट मात्र कानापर्यंत चढला.

"मास्तर," म्होरक्या म्हणाला, "यात नमस्कार मस्त होईल. वाढायचं कसं?"

बाकीचे पाच हसले. त्यांनीही हात वर करून पाहिले, आणि मग कोणी हसेना.

ते गेल्यावर धाकट्याने बाह्या उसवल्या आणि टेप लावली. बाराच्या बारा मुंढे पाऊण इंच कमी. एकही निराळा नाही.

"टेप ताणलीय तुझी," मास्तर म्हणाले.

कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि मग माप कमी दाखवते, हे धाकट्यालाही ठाऊक होते. त्याने दुसरी टेप काढली. तीही जुनी, असे मास्तर म्हणाले. स्वतः उठले, कोपऱ्यावरून कोरी टेप घेऊन आले आणि येता येता सुताराकडून लोखंडी पट्टी मागून आणली. चार मापे टेबलावर शेजारी शेजारी मांडली. चौघांनी एकच साक्ष दिली. मग मास्तर म्हणाले, कापड आटले असेल. मग म्हणाले, इस्त्रीला वाफ जास्त झाली असेल. कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडल्याशिवाय त्यांना चैन पडेना. खोलीत तिसरे डोके नव्हते, एवढीच अडचण होती.

धाकट्याने इस्त्री उभी करून ठेवली. "दादा, एक बोलू? चार महिने तुझ्या कापाची कड करवतीसारखी येतेय. कातर पूर्ण उघडतच नाहीस तू, बारीक बारीक चावे घेतोस. मी ती कड शिवणीत दाबत आलो. मुंढा नाही दाबता येत."

"चार महिने? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी मला कुठे सांगितलंस?" धाकटा म्हणाला, आणि त्याने मास्तरांच्या उजव्या हाताकडे पाहिले. बोलण्याच्या नादात तो टेबलावर रिकामा राहिला होता आणि त्याचे गोळी वळणे सुरू झाले होते. मास्तरांनी घाईने त्यात खडू दिला, पण व्हायचे ते होऊन गेले होते.

धाकट्याने वहिनीला सांगितले आणि तिने मास्तरांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी अंगठा आणि बोट भरभर जुळवायला लावले, व्हरांड्यात चालायला लावले, कागदावर एक ओळ लिहायला लावली. ओळ ठसठशीत सुरू झाली आणि उजव्या टोकाला मुंगीएवढी होऊन संपली. पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले. हालचालीसाठी मेंदूला लागणारे एक द्रव्य कमी पडतेय. गोळ्यांनी त्याची उणीव बरीच भरून निघते, आजार जात नाही, पण रोजच्या व्यायामाने हालचाल पुष्कळ ताब्यात ठेवता येते. मास्तरांच्या कानापर्यंत 'जात नाही' एवढेच पोचले. बाकीचे त्यांच्या बायकोने ऐकले आणि गोळ्यांच्या वेळा तिथल्या तिथे पाठ केल्या.

आठवड्याने धाकट्याने धीर केला. त्याआधी तो दोनदा उठून पाणी पिऊन आला.

"दादा, बाजाराच्या टोकाला एक बेतणारा आहे. हात चांगला आहे त्याचा. येता महिना सोडून पुढच्या एक तारखेपासून येतो म्हणालाय."

"माझ्या टेबलावर?"

"टेबल एकच आहे आपल्याकडे."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनाच त्याची शरम वाटली. धाकटा खाली मान घालून मशीनमध्ये तेल सोडत राहिला. मशीनला तेल नको होते. बोलून बोलून दमल्यावर मास्तर मोडक्या आवाजात म्हणाले, "एक तारखेला किती दिवस आहेत?"

"चाळीस."

"तीन दिवस आधी मी एक कोट बेतीन. तुझ्या डोळ्यांदेखत. मुंढा बरोबर आला तर टेबल माझं. नाही आला तर मीच त्याच्या हातात कातर देईन."

"कोणाचा कोट?"

"तुझा. तेहेतीस वर्षं लोकांचे शिवतोयस, स्वतःच्या अंगावर एक तरी चढवलास?"

धाकट्याचे गडद निळे लोकरी कापड सात वर्षे कपाटात पडून होते. त्याने कपाटाकडे पाहिले आणि मान हलवली.

मास्तरांना भीती वाटत होती, आणि ती नुसती टेबलाची नव्हती. टेबल गेले तर या हाताला दिवसभर द्यायचे काय, ही ती भीती होती. टेप किती वेळ गुंडाळणार?

व्यायामाची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. लांबट, एका भिंतीला भलामोठा आरसा, जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या हात-हात अंतरावर. व्यायाम घेणारी बाई मास्तरांच्या मुलीच्या वयाची, आवाजाने मात्र हेडमास्तरीण.

"दोन्ही हात पूर्ण पसरा."

मास्तरांनी पसरले.

"पूर्ण म्हटलं मी."

"मॅडम, याहून पूर्ण माणसाला पसरता येत नाहीत."

"आरशात बघा."

आरशात एक माणूस कोपरे वाकवून उभा होता. जड पाटी उचलायला निघालेला आणि मधेच विचार बदललेला. 

"आता एक पाऊल टाका. लांबात लांब," बाई म्हणाली. मास्तरांनी गटार ओलांडावे तशी ढांग टाकली. निदान त्यांना तसे वाटले. "टेप असेल ना खिशात? तुम्हीच मोजा."

पंधरा इंच. मास्तरांनी तोंड उघडले, पण टेप ताणलीय असे म्हणायची सोय नव्हती. टेप कोरी होती.

"तुम्ही चुकारपणा करत नाही, मास्तर," बाईचा आवाज जरा खाली आला. "तुमच्या हातापायांना मनापासून वाटतं की पूर्ण झालं. आतलं माप आटलंय. म्हणून बरोबर वाटेल तिथे थांबायचं नाही. लाज वाटेल एवढं मोठं करायचं, मोठ्यानं मोजत करायचं. तेव्हा कुठे ते चारचौघांसारखं होईल."

"लाज वाटेल एवढं?"

"रस्त्यातले लोक वळून बघतील असं वाटलं पाहिजे."

मास्तरांनी "एक!" म्हणून ओरडत पाय फेकला. आपण आता समोरच्या आरशातून पलीकडे जाणार अशी त्यांची खात्री झाली. टेपने सव्वीस इंच सांगितले. बाई म्हणाली, "हं. आता सगळे टाकतात तेवढं झालं." उभे आयुष्य अर्ध्या इंचावर काढलेल्या माणसाला दिवसाढवळ्या असा फुटाफुटाने वागायचा हुकूम मिळाला. घरी जाण्याआधी दाराशी बसलेल्या बायकोने पुढची वेळ विचारून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून घरात धुमाकूळ सुरू झाला. गोळी घ्यायची, ती लागायला पाऊण तास द्यायचा, मग व्यायाम. खुर्चीतून उठताना हात पुढे फेकून उठायचे. हात आकाशाला, मग जमिनीला. बायको ताटलीवर चमचा वाजवून ताल धरायची आणि ताल चुकला की स्वतःच रागवायची. संध्याकाळी रस्त्याने हात झुलवत, गुडघे उचलत, "एक-दोन, एक-दोन" पुटपुटत चालायचे. इस्त्रीवाला दुकानातून ओरडला, "मास्तर, मोर्चा कुठे निघाला?" मास्तर तोंड चुकवत म्हणाले, "तुझ्याच दुकानावर." पण कान लाल झाले. वळून मात्र तो एकटाच बघत होता, आणि तोही मास्तर ओळखीचे म्हणून. चालीत बघण्यासारखे काही राहिले नव्हते.

दुकानातले मधले दार हा निराळाच ताप. मोकळ्या रस्त्यावर सुटलेले पाय त्या चौकटीशी आले की जमिनीला चिकटत. टेबल चार पावलांवर दिसतेय आणि पाऊल उचलत नाही. एकदा मास्तर तिथे इतका वेळ उभे राहिले की पुढच्या खोलीतल्या गिऱ्हाइकाला वाटले ते कोणाची वाट बघतायत. बायकोने व्यायामाच्या खोलीतल्या पिवळ्या पट्ट्या पाहिल्या होत्या. ती दुकानात आली, मास्तरांच्या खिशातला खडू काढून दारात आडव्या पाच रेघा मारल्या.

"अगं, कापडाचा खडू आहे तो! फरशीवर?"

"आधी रेघेवरून पाय टाका, मग भांडा."

मास्तरांनी पहिल्या रेघेवरून पाय टाकला, मग दुसऱ्या, आणि भांडायला वेळ मिळण्याआधी ते टेबलाशी पोचले होते. धाकटा रोज सकाळी झाडलोट झाली की त्या रेघा पुन्हा मारू लागला. 

उरलेल्या वेळात वर्तमानपत्रावर मुंढे. खडू टेकवायचा, कोपर सोडायचे, "लाज वाटेल एवढा" झोक घ्यायचा, टेप लावायची. पहिल्या दिवशी विसात एकही बरोबर नाही. तिसाव्या दिवशी विसात अकरा. मास्तरांना अकरा दिसत नव्हते, नऊच दिसत होते. आठवडाच उरला. जेवताना उठत, आंघोळीला जाता जाता परत फिरत. एके सकाळी बायको आंघोळीला गेलेली पाहून गोळी घेतल्याबरोबर, ती लागायच्या आतच, त्यांनी खुर्च्या बाजूला सारून मोजायला सुरुवात केली. कपाटाशी गर्रकन वळले. पाय वळले नाहीत. डाव्या मनगटावर आपटले.

बायको धावत बाहेर आली. हाड शाबूत आहे हे कळल्यावर तिचा बांध फुटला.

"तुम्हाला टेबल हवंय की हाडं?"

"टेबल," मास्तर म्हणाले.

 ती सुजल्या मनगटावर ओले फडके गुंडाळत म्हणाली, "मग मी ताटली वाजवल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मला तुम्ही टेबलाशी उभे राहिलेलेच बरे वाटता. घरात तुम्ही कोणाला पाहिजे आहात?" हे बोलताना तिचा आवाज कापरा झाला, म्हणून मास्तर हसले नाहीत.

ठरल्या दिवशी मास्तर गोळी घेऊन, पाऊण तास खुर्चीत स्वतःला दाबून बसून, मग दुकानात गेले. पाच रेघा ओलांडल्या. धाकटा टेबलापाशी नुसत्या शर्टावर उभा होता, सात वर्षांची घडी पडलेले निळे कापड इस्त्री करून अंथरलेले. मास्तरांनी त्याची छाती मोजली, लांबी मोजली, खांदा मोजला. तेहेतीस वर्षांत त्यांनी भावाच्या अंगाला टेप लावली नव्हती. तो इतका वाळला असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

सरळ रेघा झाल्या. मग खडू खांद्यावर टेकला, आणि त्या क्षणी मास्तर मोजायचे विसरले. कोपर सैल सुटले, हात जुन्या सवयीने झोकात खाली आला. रेघ बघून त्यांचे मन भरून आले. इतकी देखणी गोलाई महिनाभरात उतरली नव्हती. उस्तादांनी पाठ थोपटली असती.

 धाकट्याने टेप पुढे सरकवली.

मास्तरांनी टेपकडे पाहिले. ती लावली म्हणजे चाळीस वर्षांनी शिकाऊ झालो. नाही लावली तर तीन दिवसांनी या टेबलाशी दुसराच माणूस उभा. त्यांनी टेप लावली. अर्धा इंच कमी.

धाकट्यानेही आकडा पाहिला. त्याचे तोंड उतरले. मास्तरांनी ब्रश घेऊन ती देखणी रेघ पुसली, पाय फाकवून उभे राहिले, आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसले आहे याची पर्वा न करता ओरडले, "एक!" खडू टेकला. "दोन!" हात असा फिरला की त्यांना वाटले आपण कोट नाही, पोते बेततोय. डोळाही हाताच्याच बाजूने साक्ष देऊ लागला, फार मोठा झाला म्हणून. दोघांची चाळीस वर्षांची जोडी. टेप लावली. बरोबर. पुन्हा लावली. बरोबर. लोखंडी पट्टी आता सुताराकडे परत गेली होती, नाहीतर तीही लावली असती.

"ढगळ होणार हा," मास्तर म्हणाले.

"टेप काय म्हणते?"

"टेप बरोबर म्हणते."

"मग काप."

मास्तरांनी कातर उचलली. मन ओरडून सांगत होते की आत घे, अर्धा इंच आत घे, सात वर्षे जपलेले कापड वाया जाईल. त्यांनी मनाचे ऐकले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःचे न ऐकता कापत होते. पूर्ण उघड, पूर्ण मीट. एक, दोन. कड सुरीने कापल्यासारखी सरळ पडली. धाकट्याने तिच्यावरून बोट फिरवले आणि तो तुकडे घेऊन मशीनकडे वळला.

दुपारपर्यंत त्याने कच्चे टाके घातले. अर्धामुर्धा कोट चढवून तो आरशासमोर गेला, मग आरशाकडे न बघताच मागे फिरून आत आला, आणि वरच्या फळीवरचा बटणांचा डबा काढायला हात उंच केला. हात डब्यापर्यंत गेला. कोट जागचा हलला नाही. डबा खाली ठेवून, तोच कोट अंगात असताना, त्याने फोन उचलला आणि बाजाराच्या टोकाच्या माणसाला सांगितले की एक तारखेला यायला नको.

"खांद्यात ढगळ दिसतोय," मास्तर म्हणाले.

"नाहीये."

"मला दिसतोय रे."

"तुला आता सगळेच ढगळ दिसणार, दादा. दिसले की टेप लावायची."

पुढच्या खोलीत नुकतेच येऊन बसलेले गिऱ्हाईक खोकले. मास्तर रेघा ओलांडून बाहेर गेले आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. उजवा हात मांडीवर आला आणि अंगठा कामाला लागला. सवयीने त्यांनी टेपसाठी खिसा चाचपला. टेप टेबलावर राहिली होती. खडूही आत होता. गिऱ्हाइकाची नजर त्या हातावर गेली आणि संकोचाने बाजूला झाली. मास्तरांना उठून आत जाता आले असते.

"पार्किन्सन आहे," ते म्हणाले. "बसलो की थरथरतो, कापायला लागला की थांबतो. उभे राहा, आत चला. छाती मोजू."